पॉइण्ट नसलेल्या गावाचा फोटो

दिवाळीला गावी निघालात? बॅगेत चार्जर, खिशात चकाचक कॅमेऱ्याचा फोन आणि मनात ‘आपल्या गावात फोटो काढण्यासारखं आहे काय?’ हा सवाल? मग गाडीत बसण्याआधी हे वाचाच. सेनगावच्या मोकळ्या माळावर फ्रेम कशी बांधायची, त्याचे हे साधेसोपे फंडे.

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी ही गर्दी. कामाचं कुणीच बोलत नाहीये, सगळ्यांचे फोन बाहेर. कुणी तारकर्लीचं निळंशार पाणी दाखवतंय, कुणी महाबळेश्वरच्या रेलिंगला टेकून काढलेला सेल्फी. तेवढ्यात कुणीतरी विचारतं, ‘‘तू कुठं गेला होतास रे?’’

‘‘गावी. सेनगावला.’’

‘‘हे कुठं आलं?’’

‘‘हिंगोली जिल्हा.’’

‘‘अच्छा... मग दाखव की फोटो!’’

आणि खिशात गेलेला हात तिथंच थबकतो. फोटो नाहीत असं नाही. चांगले चारशे आहेत. पण त्यात दिसतं काय? वर पांढरं आभाळ, खाली तपकिरी पट्टा आणि मधे माशीएवढं एक झाड. बांधावर उभं राहिल्यावर छातीत जे भरून आलं होतं, त्यातलं फोटोत काहीच उतरलेलं नाही. मग तुम्हीच म्हणून टाकता, ‘‘काही नाही रे, आमच्याकडं बघण्यासारखं काही नसतंच.’’

थांबा. हे वाक्य खोटं आहे. बघण्यासारखं भरपूर आहे, फक्त ते आयतं वाढून ठेवलेलं नाही. हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोलीत लॅपटॉप उघडणारी निम्मी जनता अशाच गावांतनं आलेली असते. त्यामुळं हा लेख सेनगावच्या निमित्तानं असला, तरी वाशीम, जालना, परभणी, यवतमाळवाल्यांनीही तो आपलाच समजावा.

रेलिंग नाही, हीच खरी मजा

आधी गावाची ओळख करून घेऊ. १ मे १९९९ ला परभणीतनं हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. त्याच्या पाच तालुक्यांपैकी सेनगाव एक. हिंगोलीहून रिसोडकडं निघालं की हे गाव लागतं. काळी जमीन, मधेच मुरमाड माळ, ठेंगण्या टेकड्या, कयाधू नदी. पावसाळ्यात सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद, हिवाळ्यात हरभरा, ज्वारी, गहू. सनसेट पॉइण्टचा बोर्ड शोधत इथं कुणी येत नाही.

आता हिलस्टेशनवरचा पॉइण्ट म्हणजे काय, याचा जरा विचार करा. कुणीतरी फार पूर्वी ठरवलं, की उभं राहायचं ते इथंच. तिथं रेलिंग लागलं, मक्याच्या कणसाची गाडी लागली. तुम्ही जाता, त्याच जागी उभे राहता, त्याच दरीकडं फोन धरता आणि त्याआधी लाखभर लोकांनी काढलेला फोटो काढून येता. फोटोतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, म्हणजे उभं कुठं राहायचं, तो तुमच्या वतीनं दुसऱ्यानंच घेऊन ठेवलेला असतो.

सेनगावच्या माळावर रेलिंग नाही. इथं उभं राहायची जागा तुम्हालाच शोधावी लागते. फ्रेममध्ये काय घ्यायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय सोडून द्यायचं, तेही तुम्हीच ठरवायचं. फोटोवाले ज्याला ‘कम्पोझिशन’ म्हणतात ते हेच. ज्याला माळावर फ्रेम जमली त्याला ती कुठंही जमते!

फंडा १ : आधी वाक्य, मग क्लिक

फोन वर करण्याआधी मनातल्या मनात एक वाक्य म्हणा. ‘मी हा फोटो अमुक गोष्टीचा काढतोय.’ वाक्य पूर्ण झालं नाही, तर बटण दाबू नका.

‘शेताचा फोटो’ हे वाक्य नव्हे. शेतात विहीर आहे, मोटार आहे, गोठा आहे, बांधावर निंब आहे, पलीकडं चुलत्यांचं वावर आहे. सगळंच घ्यायला गेलात की काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी असं म्हणून बघा : ‘सोयाबीन निघून गेलं, पण तूर अजून उभी आहे.’ लगेच डोळा कामाला लागतो. रिकामी काळी जमीन आणि तिच्यातनं जाणाऱ्या तुरीच्या हिरव्या ओळी, बस्स. विहीर बाहेर, मोटार बाहेर, चुलते तर बाहेरच बाहेर.

दुसरं उदाहरण. तुमच्या भागात शेतातल्या गोठ्याला, अवजारं ठेवायच्या आणि रात्री राखणीला झोपायच्या जागेला ‘आखाडा’ म्हणतात. कुस्तीचा नव्हे, शेतातला! ‘आमचा आखाडा’ म्हणून लांबून फोटो काढलात तर एक पत्र्याचं छप्पर दिसेल. पण ‘आखाड्यावर बाबांचं निम्मं आयुष्य गेलं’ असं वाक्य मनात आलं, तर तुम्ही आत जाल. खुंटीवरचं धोतर, बाजेच्या सुतळीला पडलेला खोलगट झोळ, खांबाला अडकवलेला रेडिओ. यातली कुठलीही एक गोष्ट जवळनं घेतली की आखाडा आपोआप येतो.

फंडा २ : आभाळ किती, जमीन किती?

माळावर पहिला झगडा क्षितिजाशी. ते सरळ रेषेत पडलेलं असतं आणि आपण ते बरोब्बर मधोमध ठेवतो. मग फोटोचे दोन सारखे तुकडे होतात. कुठला बघायचा हे बघणाऱ्याला कळत नाही.

फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ नावाचा पर्याय असतो, तो सुरू करा. स्क्रीनवर दोन आडव्या, दोन उभ्या रेषा दिसतील. हा झाला सुप्रसिद्ध ‘रूल ऑफ थर्ड्‌स’, म्हणजे तीन भागांचा नियम. कॅमेऱ्याचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी, १७९७ मध्ये, जॉन थॉमस स्मिथ या इंग्लिश चित्रकारानं खेड्यापाड्यांची निसर्गचित्रं कशी काढावीत यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं हे नाव वापरलं. आभाळाला साधारण दोन भाग द्या नाहीतर एक भाग द्या, निम्मं-निम्मं करू नका, असा त्याचा हिशेब. सव्वादोनशे वर्षं झाली, हिशेब अजून चालतो.

पण दोन भाग नेमके कुणाला द्यायचे? सोपं आहे. ज्याच्याकडं सांगण्यासारखं जास्त आहे त्याला. जूनमध्ये ढग भरून आलेत, तासाभरात कोसळणार आहे, तर आभाळाला दोन भाग. जमिनीची खाली एक काळी किनार पुरे. तेच नोव्हेंबरात आभाळ कोरं करकरीत निळं असतं. तिथं बघायला काहीच नाही, मग क्षितिज वर सरकवा आणि जमिनीला जागा द्या. उन्हाळ्यातल्या दुपारी आभाळ पांढुरकं पडतं, तेव्हा ते सरळ कापूनच टाका. आभाळ नसलेला फोटो बेकायदेशीर नसतो!

आणि हो, क्षितिज तिरकं नको. माळावर ते लगेच कळतं. फोटोतलं सगळं शेत कयाधूकडं घसरायला लागलं, तर बघणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही.

फंडा ३ : नाकासमोर काहीतरी हवं

‘डोळ्यांना केवढं दिसत होतं, फोटोत मात्र टेकडी एवढीशी आली!’ ही तक्रार जवळपास प्रत्येकाची. दोष टेकडीचा नाही. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिलिमीटरचा. अशा लेन्समधून खूप पसारा मावतो, पण लांबच्या वस्तू अगदी बारीक होतात. जवळची वस्तू मात्र ती ऐटीत मोठी करून दाखवते.

मग तिच्या स्वभावाचा फायदा घ्या. टेकडी हवी असेल तर टेकडीच्या आधी, तुमच्या पायाशी काहीतरी असू द्या. सोयाबीनची सुडी, वखर, ज्वारीचं ताट, बांधावरचा दगड, काहीही. फोन छातीशी धरायची सवय मोडा. गुडघ्यावर बसा, गरज पडली तर ढेकळांत बूड टेका. जीन्स धुता येते. खालून बघितलं की हळदीची पानं आभाळाला भिडतात आणि त्यांच्या मधनं दिसणारा माणूस खरोखर शेतात असल्यासारखा दिसतो.

दुसरी युक्ती रेषांची. शेत म्हणजे रेषांचंच दुकान. सऱ्या, तुरीच्या ओळी, ठिबकच्या नळ्या, पांदण रस्ता, बैलगाडीच्या चाकोऱ्या. यातल्या रेषेला आडवं उभं राहिलात तर ती नुसती पट्टी दिसते. तिच्या तोंडाशी जाऊन उभे राहा, म्हणजे तीच रेष बघणाऱ्याला हात धरून आत घेऊन जाते. फक्त ती जिथं संपते तिथं काहीतरी असू द्या. झाड, माणूस, बैल, आखाडा. एवढं चालत जाऊन शेवटी काहीच भेटलं नाही, तर वैताग येणारच की!

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जाणार असाल तर मग चंगळ. हळद काढायचा, शिजवायचा, वाळवायचा हा हंगाम. हिंगोलीतल्या हळदीच्या बाजाराला संत नामदेवांचं नाव आहे. जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शिजलेली हळद वाळत घातली की काळ्या रानावर पिवळे पट्टे पडतात. फोटोत एकच रंग ओरडत असेल आणि बाकीचे गप्प असतील, तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.

फंडा ४ : घड्याळ बघा, कॅमेरा नंतर

सगळं बरोबर केलं तरी फोटो सपाट येतोय? मग वेळ चुकतेय. माळावर डोंगर-दऱ्या नसतात, त्यामुळं जमिनीचा चढउतार दाखवायचं काम एकट्या सावलीला करावं लागतं. सूर्य डोक्यावर असताना ढेकळाची सावली ढेकळाखालीच लपते आणि नांगरलेलं रान चादरीसारखं सपाट दिसतं. सकाळी तेच रान उठून बसतं.

सेनगावचे आकडे घ्या. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे १० नोव्हेंबरच्या आसपास, सूर्य साडेसहाच्या आधी-नंतर उगवतो आणि संध्याकाळी पावणेसहाला मावळतो. उगवल्यानंतर तासाभरानं माणसाची सावली त्याच्या उंचीच्या चौपटीहून लांब असते. म्हणजे साडेसातचा चहा रानात प्यायचा! घरी फराळाला बसलात की खेळ खलास. संध्याकाळी पावणेपाचला घरातनं निघून उपयोग नाही, तेव्हा जागेवर उभं असायला हवं.

डिसेंबरच्या शेवटी सवलत मिळते. तेव्हा भर दुपारीही सूर्य जेमतेम ४७ अंश वर चढतो, म्हणजे सावली जवळजवळ उंचीएवढीच राहते. थंडीत दिवसभर बरे फोटो येतात ते यामुळं. आणि मे महिना? १९-२० मेच्या सुमाराला सेनगावात दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या आगेमागे सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली दिसेनाशी होते. शून्य सावलीचा दिवस! गंमत म्हणून बघा जरूर, पण शेताचे फोटो काढायचा हा मुहूर्त नव्हे. त्या वेळी सावलीत जा. निंबाखाली झोपलेली माणसं, माठ, ओसरीवर सोललेल्या शेंगा. सावलीतला उजेड मऊ असतो, चेहरे छान येतात.

आणखी एक. सूर्य बरोब्बर पूर्वेला वर्षातनं दोनदाच उगवतो. डिसेंबरात तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला सरकलेला असतो, जूनमध्ये जवळपास तेवढाच उत्तरेला. त्यामुळं दिवाळीत ज्या झाडामागनं सूर्य उगवताना बघितला, तो उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं भेटणार नाही. गाववाल्यांना हे ठाऊकच असतं. कुठल्या महिन्यात कुणाच्या वावरामागनं दिवस उगवतो, ते आजोबांना विचारून बघा. कुठल्याही ॲपपेक्षा पक्कं उत्तर मिळेल.

फंडा ५ : चारही काठ तपासा

फोटो काढताना आपण मधेच बघतो. घोटाळे मात्र काठावर होतात. म्हशीचं अर्धं तोंड, कुणाचा तरी कोपर, कोपऱ्यातली निळी प्लास्टिकची घागर. क्लिक करण्याआधी नजर एकदा चारी काठांवरून फिरवा. देवळाला प्रदक्षिणा घालतो तशी. दोन सेकंद लागतात.

मग मागचं बघा. आत्याच्या डोक्यातनं विजेचा खांब उगवलाय का? दोन पावलं बाजूला सरका, खांब जातो. बहुतेक वेळा कॅमेरा बदलायची गरज नसते, पाय हलवायची असते.

आता तुम्ही म्हणाल, पाय कशाला हलवू? फोनमध्ये बोट फिरवलं की खांब गायब! खरंय, हल्लीच्या फोनना ते चुटकीसरशी जमतं. पण गायब करण्याआधी क्षणभर विचार करा. आत्याच्या डोक्यातला खांब काढणं वेगळं आणि गावाच्या फोटोतनं सगळे खांब, सगळ्या तारा, सगळी पत्र्याची छपरं पुसून ‘स्वच्छ सुंदर खेडं’ तयार करणं वेगळं. तो खांब वावरात आला तेव्हा घरात कुणीतरी पेढे वाटलेले असतात. त्या तारेवर मोटार चालते, मोटारीवर हळद आणि हळदीवर कुणाची तरी कॉलेजची फी. तारा नको असतील तर त्या फ्रेमबाहेर राहतील अशी जागा शोधा. आणि घ्यायच्या असतील तर उघड, ठसठशीत घ्या. तारांच्या रेषाही शेवटी रेषाच आहेत.

फंडा ६ : माणूस असेल तर विचारा

गावाकडं फोटो काढणारा म्हणजे पाहुणाच. मग पाहुण्यासारखं वागायचं. आधी रामराम, मग दोन शब्द, मग ‘काका, एक फोटो काढू का?’ समोरचा नको म्हणाला तर नको. हो म्हणाला तर एक नवाच प्रॉब्लेम येतो. काका सावधानमध्ये उभे! छाती पुढं, हात सरळ, चेहरा पासपोर्टवाला. आज्जी असेल तर ‘थांब बाबा, लुगडं बदलून येते’ म्हणून घरातच जाणार.

येऊ द्या की बदलून! तो फोटो त्यांना हवा असतो, तसाच काढून द्या. त्यांच्या दृष्टीनं तोच खरा फोटो. मग गप्पा मारत थांबा. काका पुन्हा विळ्याला धार लावायला बसतील, आज्जी सुपात हरभरा पाखडायला घेईल. आता तुमचा फोटो. जवळ जा. चेहरा आणि हात दोन्ही फ्रेममध्ये येतील एवढं जवळ. कामातल्या माणसाचे हात त्याच्या चेहऱ्याइतकंच बोलतात. लांबनं झूम करून चोरून काढलेल्या फोटोत हे येत नाही. मधलं अंतर दिसतंच.

आणि इथंच जरा गंभीर बोलायला हवं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा फोटो म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? भेगाळलेली जमीन, कपाळाला हात, आभाळाकडं लागलेली नजर. दुष्काळाच्या बातम्यांबरोबर हा फोटो इतक्यांदा छापून आलाय की कॅमेरा हातात आला की आपणही नकळत तोच शोधायला लागतो. संकटं खोटी नाहीत, ती ज्यांच्या घरात आली त्यांना विचारा. पण ज्या काकांनी हसत हसत तुम्हाला ओंजळभर शेंगा दिल्या, त्यांना ‘जरा तिकडं आभाळाकडं बघा’ असं सांगून दुःखी करणं हा शुद्ध अन्याय आहे. फ्रेममधनं काय वगळलं, यावरनं फोटो खरा की खोटा ते ठरतं. काकांच्या गालावरचं हसू वगळायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

एक दिवस, तीन सराव

गावात हात बसला? मग एक दिवस मोटारसायकल काढा. आसपासच्या तीन जागा तीन वेगवेगळे धडे देतात.

नर्सी नामदेव : सेनगावहून हिंगोलीकडं जाताना कयाधूकाठी हे गाव लागतं. परंपरेनं संत नामदेवांचं हे जन्मगाव. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यामुळं पंजाबातनंही भाविक इथं येतात. आषाढीनंतरच्या परतवारीला मोठी यात्रा भरते. इथला सराव गर्दीचा. शंभर माणसं फ्रेममध्ये असली की कुणीच दिसत नाही. मग वेगळं कोण आहे ते शोधा. पांढऱ्या टोप्यांच्या समुद्रात एकच रंगीत पगडी, किंवा सगळे पुढं बघत असताना मागं वळलेलं पोर. तो एक सापडला की उरलेले नव्व्याण्णव त्याची पार्श्वभूमी होतात.

औंढा नागनाथ : सेनगावच्या दक्षिणेला. यादवकाळातलं, कोरीव मूर्तींनी खच्चून भरलेलं मंदिर. खालचा भाग गडद दगडाचा, वरचं शिखर नंतरच्या काळातलं आणि पांढरं. इथला सराव उजेडाचा. दुपारी पांढऱ्या शिखराकडं बघून फोन बावचळतो. शिखर नीट आलं तर दगड काळाकुट्ट, दगड नीट आला तर शिखर जळून पांढरं. उपाय? स्क्रीनवर जे महत्त्वाचं आहे तिथं बोट दाबून धरा. उजेड तिथं लॉक होतो, मग बोट वर-खाली सरकवून तो कमी-जास्त करा. त्याहून सोपा उपाय म्हणजे दोन्ही एकदम घ्यायचा हट्ट सोडणं. सकाळचं तिरपं ऊन कोरीवकामावर पडलं की एकच मूर्ती घ्या. आत कॅमेरा चालतो का, ते आधी विचारा.

येलदरी : पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ मध्ये पुरं झालं. धरण परभणीच्या जिंतूर तालुक्यातलं, पण जलाशयाचा एक काठ सेनगाव तालुक्याला लागून. इथला सराव मोकळ्या जागेचा. नुसतं पाणी आणि आभाळ, मग फोटो रिकामा वाटतो. संध्याकाळचा सूर्य पाण्यापलीकडं येईल असा काठ निवडा आणि फ्रेममध्ये एकच आकार घ्या. होडी, बगळा, पाण्यातनं डोकावणारं वाळकं खोड. तो आकार काळा दिसू द्या. मोकळी जागा तेव्हाच बोलते, जेव्हा तिच्यात कुणीतरी एकटं असतं. भिंतीपाशी आणि वीजघरापाशी मात्र आधी बोर्ड वाचा आणि फोटोच्या नादात पाण्याच्या कडेला नको ते स्टंट नकोत.

राजा दीनदयाळांकडून शिका

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे दरबारी फोटोग्राफर म्हणजे राजा दीनदयाळ. एकोणिसाव्या शतकातले भारतातले सगळ्यात गाजलेले फोटोग्राफर. वेरूळच्या लेण्यांचे त्यांनी काढलेले फोटो आजही बघत राहावेत असे आहेत. त्यांच्याकडं काय होतं? तिकाटण्यावरचा पेटीएवढा कॅमेरा, डोक्यावर घ्यायचं काळं कापड आणि एका वेळी एकच फोटो देणारी काचेची प्लेट. प्लेट महाग, वाहून न्यायला जड. त्यामुळं आधी बघायचं, मग ठरवायचं आणि शेवटी एकदाच काढायचा.

त्या कॅमेऱ्यात आणखी एक गंमत होती. मागच्या काचेवर समोरचं दृश्य उलटं दिसायचं, जमीन वर आणि आभाळ खाली. गैरसोयच ती, पण कामाची. उलटं दिसलं की ‘हे आमचं वावर, ते आमचं झाड’ असलं काही डोक्यात येत नाही. काळा आकार, पांढरा आकार, एवढंच दिसतं. तुमचा फोटो कुठं बिघडलाय ते कळत नसेल, तर फोन उलटा धरून तो बघा. कुठली बाजू जड झालीय, कुठं उगाच गर्दी आहे, ते चटकन दिसतं.

आणि दीनदयाळांची शिस्त स्वतःला लावून घ्या. दिवसाला दहाच फोटो. अकरावा काढायचा असेल तर आधीच्यांतला एक उडवायचा. पहिल्या दिवशी हात शिवशिवतील, दुसऱ्या दिवशी डोळे उघडतील.

खिशात ठेवायची चिठ्ठी

वाक्य पूर्ण झालं का? क्षितिज मधोमध तर नाही ना? पायाशी काही आहे का? सावली कुठल्या बाजूला पडलीय? चारही काठ तपासले? डोक्यातनं खांब? माणसाला विचारलं? सातही उत्तरं मनासारखी आली की दाबा बटण.

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. वावरातली एक जागा पक्की करा. विहिरीचा कठडा, बांधाचा कोपरा, काहीही. दर दिवाळीला त्याच जागी उभं राहून, त्याच दिशेनं, त्याच वेळेला एक फोटो काढा. पहिल्या वर्षी तो अगदी साधा वाटेल. पाचव्या वर्षी लक्षात येईल की बैल जाऊन ट्रॅक्टर आलाय, बांधावरचा आंबा गेलाय, आखाड्यावर स्लॅब पडलाय, बाबांची चाल थोडी वाकलीय. महाबळेश्वरच्या पॉइण्टचे फोटो काढायला लाखो लोक आहेत. तुमच्या त्या बांधाचा फोटो काढणारं जगात दुसरं कुणीही नाही. तुम्ही काढला नाहीत तर तो निघालेलाच नसेल.

आणि तो फोटो फोनमध्ये मरू देऊ नका. प्रिंट काढा. दोन काढा, एक आपल्या फ्लॅटच्या भिंतीला आणि एक गावाकडं. मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख लिहा, वावराचा गट नंबर लिहा. बांधावरच्या त्या आंब्याला घरात काही नाव असेल, गोटी, शेंदऱ्या, साखऱ्या, तर आजोबांना विचारून तेही लिहा. नाव सांगणारं माणूस आहे, तोवर विचारून घ्या.